ओळखंना झालीय

आज एकोणिसावा दिवस.
उदगिरात, बिदर रोडवर, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये
गाडी पोट उघडं टाकून उभी,
आणि तिचं कातडं, सव्वीस तुकडे प्लास्टिकचे,
भिंतीला टेकून, गोणपाटावर,
एक तर पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून.
प्रत्येकावर अफसरनं चिठ्ठी चिकटवलीय:
‘डावा गाल’, ‘उजवा गाल’, ‘हनुवटी’,
‘ह्येचं काय कळंना’.

धोंडगे सरांची गाडी.
देगलूरला भूगोल शिकवतात.
सेकंडहँड घेतली, फंडातले पैसे काढून,
कन्याकुमारीला निघाले
आणि हणेगावच्या अलीकडंच इंजिन जाम.

दुसरं इंजिन आलं हैदराबादच्या भंगारातून,
ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, कांद्याच्या पोत्याखाली.
पावतीवर लिहिलेलं, ‘चालू’.
चालू होता, पण विकणारा.
तेच मॉडेल, तेच साल,
तरी एक कान बोटभर पुढं.
बोल्ट जातो, शेवटचे चार आटे घेत नाही.
मी खालून जॅक लावला, अफसरनं वरून साखळी ओढली,
मी म्हणालो वर, तो म्हणाला, कुठं वर?
तेवढ्यात इंजिन खाली.
अंगठ्याचं नख निळं आहे ते तेव्हाचं.

बत्तीस वर्षं हात बसलाय माझा.
आवाजावरून सांगतो कुठला टॅपेट वाजलाला.
ह्या गाडीत मात्र
फिल्टर गाठायला टाकी काढा,
टाकी काढायला सीट,
सीट काढायला बॅगांचा सांगाडा,
सांगाडा काढायला असा एक पाना
जो उदगिरात नाही, लातुरात नाही,
आणि पुण्याचा पोरगा फोनवर म्हणतो,
‘काका, तो पाना नसतो, ते टूल असतं.’

लाईट गेली की मोबाइलच्या उजेडात वायरी:
तांबडीवर पांढरी रेघ,
पांढरीवर तांबडी रेघ.
सतरा पिनांचं कपलर.
सोळा बसतात.

सर रविवारी एसटीनं येतात,
टायरवर बसतात, भजी सोडतात कागदातून.
‘म्हणजे हृदय बदलण्यासारखंच की, अप्पा.’
मी म्हणालो, सर,
हृदयवाल्या डॉक्टरच्या शेजारी
पेशंटचा मालक भजी खात बसत नाही.
हसले. पुडी पुढं केली.
माझे हात काळे, म्हणून अफसरनं भरवलं एक.

कन्याकुमारीत काय आहे, हे मी विचारलं नव्हतं.
त्यांनीच सांगितलं, गाडीकडं बघत,
‘सव्वीस वर्षं फळ्यावर नकाशा काढतोय.
खडू नेमका त्या टोकाला तुटतो.’

काल संध्याकाळी बसलं.
चारही आटे घेतले, सतरावी पिनही गेली.
कशी, ते विचारू नका,
वैतागून दिलेला गुद्दा होता तो.
कूलंट भरलं, बॅटरी जोडली,
अफसरनं मला न सांगता चाकाखाली लिंबू ठेवलं.
चावी फिरवली.
पडद्यावर एक पिवळी चावी लुकलुकली.
नुसती तेवढीच. स्टार्टर मुका.
बंद केलं, पुन्हा फिरवली.
पिवळी चावी.
‘अप्पा,’ अफसर म्हणाला,
‘गाडी चावीला ओळखंना झालीय.’

इंजिनासोबत त्याचा मेंदूही आलाय म्हणे,
त्याला आधीच्या मालकाची चावी पाहिजे.
आधीचा मालक कोण, भंगारवाल्याला ठाऊक नाही.
जुना मेंदू जोडला
तर त्याला नवे सेन्सर पटत नाहीत.
‘हैदराबादला आणा,’ म्हणतात, ‘लॅपटॉपवर बघू.’
कशावर बसवून आणू, ते सांगत नाहीत.

सरांना अजून फोन केलेला नाही.
तुकडे भिंतीला तसेच.
अफसरनं त्या एका तुकड्यावरची चिठ्ठी सोलून
पडद्यावर, पिवळ्या दिव्यावर चिकटवली.
मी राहू दिली.

लिंबू चाकाखाली होतं तसंच, साबूत.
धुतलं, कापलं,
कोऱ्या चहात पिळलं अर्धं अर्धं.